त्रिकोण म्हणजे लाल: सोलापुरातल्या एका अंगणवाडीतलं रंगकाम

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अंगणवाडीचं आहे. सेविकांबरोबर बसून तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिकण्याकडे पाहणं हे माझं काम. रंगवलेल्या कागदांची फाईल जाडजूड, भिंतीवर आकारांचा तक्ता, मुलांना नावं तोंडपाठ, आणि तरीही आकार मुलांना दिसलेलेच नाहीत, अशी अवस्था बऱ्याच ठिकाणी असते. या अंगणवाडीत ती फार स्पष्ट समोर आली आणि त्यातून पुढची वाटही सापडली. मुलांची आणि ताईंची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

पूर्व भाग म्हणजे यंत्रमागांचा भाग. टॉवेल आणि चादरी इथे विणल्या जातात. वस्तीतली बरीच घरं पद्मशाली समाजाची, घरात बोली तेलुगू. अनेक घरांत पुरुष मागावर जातात आणि बायका घरी विड्या वळतात. अंगणवाडी एका खोलीची, पटावर वीसेक मुलं. सेविकाताई मराठी, मदतनीस ताई तेलुगू घरातल्या. सकाळी गाणी, मग आहार, मग रंगकाम असा साधारण क्रम. रंगकामासाठी छापील कागदांच्या झेरॉक्स होत्या. एका पानावर एक मोठा आकार आणि खाली सूचना: त्रिकोणाला लाल रंग द्या, चौकोनाला निळा, गोलाला पिवळा.

काय आढळलं

साडेचार वर्षांची एक मुलगी या वर्गाची शान होती. तिचा रंग रेघेबाहेर जात नसे. खडू एकाच दिशेने फिरे, पांढरी जागा उरत नसे. तिचे कागद भिंतीवर लागत आणि आई ते घरी मागून नेई. भिंतीवरच्या तक्त्यातले आकार तिला नावानिशी येत होते.

मी एका कोऱ्या कागदावर हिरव्या खडूने त्रिकोण काढला आणि हे काय आहे, असं विचारलं. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "हिरवा." मी लाल खडूने गोल काढला, तर तिने लगेच सांगितलं, "त्रिकोण." तिच्या दृष्टीने हे बरोबरच होतं. कितीतरी पानांवर तिने त्रिकोण आणि लाल रंग एकत्रच पाहिले होते. दोन गोष्टी कायम जोडीने आल्या की त्यातली जी ठळक दिसते ती मूल धरून ठेवतं, आणि या वयात कोपऱ्यांपेक्षा रंग कितीतरी ठळक असतो.

सेविकाताईंना वाटलं, भाषेची अडचण असेल. शंका रास्त होती, म्हणून नावं बाजूलाच ठेवली. पुठ्ठ्याचे बरेच आकार कापले, सगळे एकाच खाकी रंगाचे. मदतनीस ताईंनी तेलुगूत सांगितलं, यासारखे दुसरे शोधून एकत्र ठेवा. तक्त्यासारखा, पाया आडवा आणि टोक वर असलेला समभुज त्रिकोण मुलांनी एकमेकांजवळ ठेवला. टोक खाली केलेला त्रिकोण वेगळा ठेवला गेला. लांब, निमुळता त्रिकोण कुणीच घेतला नाही. मात्र कलिंगडाच्या फोडीसारखा, एक बाजू गोलसर असलेला तुकडा त्रिकोणांच्या ढिगात गेला. टोकावर उभा केलेला चौरस मुलांनी पतंग म्हणून बाजूला काढला. म्हणजे अडचण भाषेची नव्हती.

या वयात असं होणं अगदी स्वाभाविक आहे. पिएर आणि डीना व्हॅन हिले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये भूमिती शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या. त्यांतली पहिली पायरी म्हणजे आकार एकसंध चित्रासारखा ओळखणं. मूल बाजू मोजत नाही, कोपरे पाहत नाही. हे त्यासारखं दिसतंय, एवढंच ते ठरवतं. पुढची पायरी गुणधर्मांची: तीन सरळ बाजू, बंद आकृती. पहिल्या पायरीवर मुलाला जेवढी उदाहरणं भेटतात तेवढाच त्याचा त्रिकोण मोठा होतो. आमच्या मुलांना एकच त्रिकोण भेटला होता, वर्षभर, एकाच अंगाने उभा.

रंगवूनही का दिसला नाही

मी त्या मुलीच्या शेजारी बसून तिचं रंगवणं नुसतं पाहत राहिले. तिची नजर खडूच्या टोकावर. टोक रेघेजवळ आलं की ती थांबे, मागे फिरे. तिच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी रेघेचा बोटभर तुकडा असे, पूर्ण आकार कधीच नसे. रेघ कुठे वळते, किती वेळा वळते, हे ठरवायचं काम छापणाऱ्याने आधीच उरकलं होतं आणि रंग कोणता हे सूचनेने सांगितलं होतं. मुलीकडे उरलं होतं फक्त भरणं. बोटांना वळण लागायला, खडूवरचा दाब कळायला भरण्याचा उपयोग नक्की होतो, तो मी कमी लेखत नाही. पण त्या कामाला आकारांचं शिक्षण म्हणता येणार नाही. मूल आकार पाहतं ते कड कुठे संपते हे त्याला स्वतः ठरवावं लागतं तेव्हा, किंवा रंग कुठे बदलायचा हा प्रश्न त्याच्यापुढे असतो तेव्हा. छापील पानात यातलं काहीच नव्हतं.

याच वर्गात एक मुलगा होता, पाच वर्षांचा, ज्याचा एकही कागद भिंतीवर लागला नव्हता. खडू मुठीत धरायचा आणि पानभर रेघोट्या ओढायचा. त्याला रंगकाम जमत नाही, असं सगळ्यांनी धरलेलं. पण बाटल्यांची झाकणं मांडायला दिली तेव्हा त्याने एक निळं, दोन पांढरी, एक निळं, दोन पांढरी अशी ओळ भिंतीपर्यंत नेली. शेजारच्या मुलाने मध्येच तिसरं पांढरं ठेवलं, तर त्याने ते उचलून परत दिलं. वडील मागावर कामाला, घरात टॉवेलांचे गठ्ठे. पट्ट्यांचा क्रम तो कुठे शिकला हे ठामपणे सांगता येणार नाही, पण क्रम त्याला पक्का कळत होता. हाताची तयारी आणि डोक्यातली समज वेगवेगळ्या वेगाने वाढतात. पाहून गोल काढणं साधारण तिसऱ्या वर्षी जमतं, चौकोन चौथ्याच्या सुमारास, त्रिकोण पाचव्याच्या आसपास, आणि टोकावर उभा चौकोन त्याहीनंतर. आकार ओळखणं मात्र काढता येण्याच्या बरंच आधी सुरू होतं. कागदाच्या स्वच्छतेवरून समज जोखली तर अशी मुलं वर्षभर मागे राहिलेली समजली जातात, आणि त्यांना तेच पान पुन्हा भरायला मिळतं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त हेच लागलं.

काय बदललं

सुरुवात गिरवण्यापासून केली. विडीचं पान कापताना बायका पत्र्याचा साचा पानावर ठेवून त्याच्या कडेने कात्री फिरवतात. मुलांनी हे रोज पाहिलेलं. त्यामुळे पुठ्ठ्याचा आकार एका हाताने दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने कडेने खडू फिरवायचा, हे सांगावं लागलं नाही. एक गोष्ट मात्र ताईंशी बोलून आधीच पक्की केली: खरा साचा, पान, तंबाखू यांतलं काहीही अंगणवाडीत यायचं नाही आणि मुलांना त्या कामाचा सराव होईल असं काहीही करायचं नाही. चार वर्षांच्या मुलाने विडीच्या सुपाजवळ बसू नये, यात तडजोड नाही. आम्ही घेतली ती फक्त हाताची ओळखीची हालचाल.

गिरवण्याची युक्ती नवी नाही. माँटेसरी पद्धतीत धातूच्या दहा आकृत्या असतात. मूल आधी चौकटीच्या आतून आणि मग सुट्या आकृतीच्या बाहेरून, दोन रंगांत गिरवतं आणि आतली जागा एकमेकींना लागून ओढलेल्या रेघांनी भरतं. ते साहित्य महाग. पण बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हीच दृष्टी ठेवून आजूबाजूच्या दगड, बिया, पानं, मातीतून साधनं उभी केली. अंगणवाडी ही कल्पनाच त्या कामातून आलेली आहे. खोक्याचा पुठ्ठा त्याच परंपरेतला.

पुठ्ठा हातात आल्यावर पहिल्यांदाच आकार फिरू लागला. कागदावर जागा मिळेल तसा मुलं तो ठेवत, त्यामुळे उलटे, तिरके, आडवे त्रिकोण आपोआप तयार झाले. त्रिकोण उलटा ठेवला तर काय होतं, असा प्रश्न मला विचारावा लागला नाही. तोच पुठ्ठा, जो आत्ता सरळ होता, तो फिरवून तीच मुलगी गिरवत होती.

मग नियम आला, आणि माझ्या मते सगळा फरक इथे पडला. दोन-तीन आकार एकमेकांवर थोडे चढतील असे गिरवायचे आणि रंगवताना एकच अट: रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखा रंग नको. टोक फक्त टोकाला लागत असेल तर चालेल, पण बाजूला बाजू लागली की रंग वेगळा. आता रेघ म्हणजे थांबायची जागा एवढंच उरलं नाही. प्रत्येक तुकड्यापाशी मुलाला पाहावं लागलं की याची कड कुणाकुणाशी लागून आहे, हा तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो. दोन त्रिकोण एकमेकांत अडकले की मध्ये कधी चौकोन निघे, कधी सहा कोपऱ्यांचा तुकडा. मुलं तो बोटाने फिरून मोजत.

यात एक सुंदर गणित दडलेलं आहे. बंद आकार कितीही असोत आणि कसेही एकमेकांवर चढलेले असोत, त्यांच्या रेघा एकमेकींना छेदून जात असतील, एकमेकींवर पडून राहत नसतील, तर सगळ्या तुकड्यांना दोनच रंग पुरतात. एक रेघ ओलांडली की रंग बदला, दुसरी ओलांडली की पुन्हा बदला. नकाशाचं तसं नाही. तिथे चार रंग लागू शकतात, आणि चार नेहमीच पुरतात हे १८५२ मध्ये विचारलं गेलेलं कोडं सुटायला १९७६ साल उजाडलं. पाच वर्षांच्या मुलाला हे कारण सांगायची गरज नाही. पण दोनच खडू हातात दिले तर ते तासभर डोकं लावून बसतं आणि अडलं की स्वतःच मागे जाऊन कुठे चुकलं ते शोधतं. छापील पानावर अडण्यासारखं काही नसतं, म्हणून शोधण्यासारखंही काही नसतं.

तिसरं साधन मला सगळ्यात आवडलं. चौरस कागद कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घालायचा, उलगडायचा, घडीच्या एका बाजूला रंग द्यायचा. अर्धा रंगीत, अर्धा पांढरा असा चौरस तयार होतो. तो चार दिशांना फिरवता येतो. असे चार चौरस दोन-दोनच्या ओळीत जुळवले तर २५६ प्रकारे मांडता येतात. १७०४ मध्ये फ्रान्समध्ये सेबास्तियाँ त्रुशे याने अशाच दुरंगी फरशांच्या मांडण्यांचा अभ्यास केला होता. आमच्या मुलांनी सतरंजीवर त्या मांडल्या. कुणाला भिंगरी मिळाली. दोन चौरस शेजारी ठेवून कुणी डोंगर केला. आणि चारही रंगीत कोपरे मध्यभागी आले तेव्हा पतंग झाला. त्या पतंगाच्या टोकाला धरून एका मुलाने सगळी मांडणी किंचित फिरवली आणि तो एकदम ओरडला, "चौकोन झाला!" आजूबाजूची मुलं धावत आली. काहींनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. तक्त्यावर शंभर वेळा बोट ठेवून हे घडलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

मदतनीस ताईंनी यात स्वतःहून भर घातली. त्या घरासमोर ठिपक्यांची मुग्गू, म्हणजे रांगोळी, काढतात. पाटीवर त्यांनी खडूने तीन ओळींत तीन-तीन ठिपके दिले आणि मुलांना जोडायला सांगितलं. बाहेरचे चार कोपरे जोडले की एक चौकोन, बाजूंच्या मधले चार ठिपके जोडले की त्याच्या आत दुसरा, टोकावर उभा. मग कोपऱ्यातले चार त्रिकोण रंगवले. आतापर्यंत रंगकामाच्या वेळी भांडी आवरणाऱ्या ताई त्या दिवसापासून मुलांमध्ये बसू लागल्या. तेलुगूतून प्रश्न विचारणारं माणूस मिळालं, तशी एरवी गप्प बसणारी काही मुलंही बोलती झाली.

नक्षीचा क्रम

पाठ्यपुस्तकात याला आकृतिबंध म्हणतात. वर्गात आम्ही नक्षीच म्हणत होतो. चौकटींची पट्टी द्यायची आणि लाल-पिवळा-लाल-पिवळा पुढे न्यायला सांगायचं, एवढं इथे आधीपासून होत होतं आणि बहुतेकांना ते येत होतं. लाल-लाल-पिवळा दिलं की मात्र दोन-तीन चौकटींनंतर पुन्हा एक लाल, एक पिवळा सुरू. म्हणजे मुलं नियम धरत होती तो एवढाच की पुढची चौकट वेगळ्या रंगाची. पुन्हा पुन्हा येणारा पूर्ण तुकडा त्यांनी पकडलेला नव्हता.

एका आईने माग-कारखान्यातून सदोष म्हणून बाजूला काढलेले दोन टॉवेल आणून दिले. त्यांच्या पट्ट्यांवर बोट ठेवून मुलं ओळ म्हणू लागली: जाड, बारीक, बारीक, जाड, बारीक, बारीक. हीच ओळ टाळी-चुटकी-चुटकी झाली, मग झाकणांची झाली आणि शेवटी खडूने पट्टीवर उतरली. क्रम एका साहित्यातून दुसऱ्यात नेता आला की तो मुलाला खरोखर कळला असं समजायला हरकत नाही, कारण तिथे नक्कल करायला रंग नसतो, फक्त रचना असते. मग रंगवलेली पट्टी कात्रीने तुकडे करून दिली: प्रत्येक तुकडा सारखाच निघेल असं काप. इथे मुठीत खडू धरणारा तो मुलगा पुढे आला. त्याने न चुकता प्रत्येक जाड पट्टीच्या आधी काप दिला. मुलं त्याच्याकडे पट्ट्या घेऊन येऊ लागली. एका टॉवेलमध्ये विणताना चुकलेली पट्टीही त्यानेच दाखवली.

मोडलेली नक्षी दुरुस्त करणं हा खेळ मुलांना पट्टी पुढे नेण्याहून जास्त आवडला. एक चौकट वाटीखाली झाकायची आणि खाली कोणता रंग असेल ते विचारायचं, हाही. यात उत्तर नजरेसमोर नसतं, त्यामुळे मागचं-पुढचं दोन्ही पाहावं लागतं.

आता कुठे आहे

दिवाळीनंतर खाकी पुठ्ठ्यांची तीच निवड पुन्हा केली. त्या मुलीने उलटा त्रिकोण लगेच उचलला. लांब निमुळता हातात घेऊन टोकांवर बोट टेकवत फिरवला आणि म्हणाली, "ह्याला पण तीन." कलिंगडाची फोड तिने आधी ढिगात टाकली, मग कडेवरून बोट फिरवून परत काढली. पतंगाबाबत ती म्हणते की पतंगपण आहे, चौकोनपण आहे, आणि या वयात मला हे उत्तर पुरेसं वाटतं. तिचा रंग आता कधीकधी रेघेबाहेर जातो, कारण तिचं लक्ष दुसरीकडे असतं. तिच्या आईला हे आवडलेलं नाही.

पालकांची अडचण खरी आहे. शेजारच्या इंग्रजी शाळेतल्या मुलांच्या वह्या भरलेल्या दिसतात आणि आपल्या मुलाच्या हातात चार वाकडे त्रिकोण. सेविकाताईंनाही फाईल दाखवावी लागते. म्हणून छापील कागद बंद केलेले नाहीत, करू नयेत असंच मी सुचवलं. बदल दोन केले. कोणत्या आकाराला कोणता रंग ही ओळ खोडायची, रंग मुलाने निवडायचा. आणि छापील आकाराभोवती मुलाने तोच आकार निदान दोनदा, वेगळ्या दिशेने, गिरवायचा. कागदाच्या पाठीवर ताई मुलाचं एक वाक्य लिहून ठेवतात, जसं मूल बोललं तसं. घ्यायला आलेल्या आईला मूल कागद दाखवून आपला नियम सांगतं. ज्या आयांनी हे ऐकलं, त्या वाकड्या रेघांबद्दल कमी बोलतात.

तीन वर्षांच्या मुलांवर यातलं फारसं लादलेलं नाही. त्यांना मोठा कागद, जाड खडू आणि हवं तसं गिरगटू देणं एवढंच. गिरगटताना रेघ फिरून स्वतःलाच येऊन मिळते आणि बंद गोल तयार होतो, ती त्यांची मोठी गोष्ट असते.

अडचण उरते खडूंची. लाल आणि पिवळे आधी संपतात, नवी पेटी वेळेवर येत नाही, आणि डब्यात तपकिरी, जांभळे, राखाडी तुकडे राहतात. छापील सूचनांच्या काळात यामुळे रंगकामच थांबायचं. आता ताई प्रत्येक मुलाला डब्यातले कोणतेही दोन तुकडे उचलायला सांगतात, फक्त ते एकमेकांपेक्षा वेगळे हवेत.